पत्रा : तात्पुरतेपणाचा इतिहास

मराठीत 'पत्र' या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. झाडाचे पान ते पत्र. पाने टाचून केलेले ताट ती पत्रावळ. पानावर, पुढे कागदावर लिहून दुसऱ्याला धाडलेला मजकूर तेही पत्रच. आणि ठोकून अथवा लाटून पानासारखा पातळ केलेला धातू तो पत्रा. या गोतावळ्यातील पहिल्या तिघांची वाङ्मयाने चांगली दखल घेतली आहे. पत्रांचे संग्रह निघाले, त्यांवर प्रबंध झाले. पत्रावळीभोवती पंगतीची आणि पंक्तिभेदाचीही वर्णने उभी राहिली. चौथ्या भावंडाच्या वाट्याला मात्र 'नुसते पत्रे टाकलेत', 'पत्र्याच्या शेडात राहतात' असे उणावलेले उल्लेखच आले. महाराष्ट्रातील असंख्य माणसे ज्याच्याखाली जन्मतात, निजतात आणि म्हातारी होतात त्या वस्तूकडे आपण वस्तू म्हणून फारसे पाहिलेले नाही. याचे कारण, माझ्या मते, तिच्याविषयीच्या एका ठाम समजुतीत आहे : पत्रा हा तात्पुरता असतो, आणि तात्पुरत्याला इतिहास नसतो.

ही समजूत तपासून पाहण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यासारखे गाव सोयीचे आहे. करमाळ्याचा इतिहास म्हटला की रावरंभा निंबाळकर, त्यांच्या काळातला भुईकोट किल्ला आणि देवीच्या माळावरचे कमलाभवानीचे मंदिर यांची नावे प्रथम येतात. अठराव्या शतकातील हे मंदिर आणि त्याच्या परिसरातली शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहायला लोक दुरून येतात, आणि ते योग्यच आहे. पण माळाच्या उंचीवरून भोवती नजर टाकली तर उन्हात चकाकताना दिसतात ते पत्रे. दगडाचा इतिहास लिहिला गेला. पत्र्याचा लिहायचा राहिला.

या पत्र्यात लोखंडाइतकाच महत्त्वाचा धातू म्हणजे जस्त. जस्ताची ओळख आपल्याला इंग्रजांनी करून दिली नाही. उदयपूरजवळच्या झावर येथे मध्ययुगात फार मोठ्या प्रमाणावर जस्त गाळले जात होते, हे १९८०च्या दशकातील उत्खननाने स्पष्ट केले. जस्त गाळणे अवघड असते. ९०७ अंश सेल्सिअसला त्याची वाफ होते, आणि खनिजातून ते मोकळे व्हायला याहून अधिक उष्णता लागते. उघड्या भट्टीत ते हाती लागण्याआधीच उडून जाते. झावरच्या कारागिरांनी मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या मांडून ती वाफ खाली उतरवली आणि थंड करून धरली. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात अशा मुशीला 'वृन्ताकमूषा' हेच नाव आहे. युरोपात जस्त गाळण्याचे पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन याने घेतले ते १७३८ साली. आपल्याकडे जस्त त्याआधीच घरोघरी पोहोचले होते, पण दुसऱ्याच्या नावाने. तांब्यात मिसळले की त्याचे पितळ होई. आणि सोलापूरपासून फार दूर नसलेल्या बिदरात काळ्या बिदरी भांड्यांचा मुख्य धातू जस्तच होता.

जस्ताचा लोखंडाशी संसार जमला तो युरोपात. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवले तर त्यावर त्याचा थर बसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मालुआँ याने १७४२ साली मांडले होते. १८३७ साली सोरेल या फ्रेंच अभियंत्याने त्याचे पेटंट घेतले आणि विद्युत्प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या गॅल्व्हानीच्या नावावरून प्रक्रियेचे नाव ठेवले. त्याआधी, १८२९ साली, लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री पामर याने लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचे पेटंट घेतले होते. पन्हळीने पातळ पत्र्याला ताठपणा आला, जस्ताने त्याला आयुष्य दिले. या दोन युक्त्या एकत्र आल्या आणि साम्राज्याला हवी असलेली वस्तू तयार झाली : हलकी, एकावर एक रचून जहाजात भरता येणारी, कुठेही चार खांबांवर ठोकता येणारी. छावण्या, गोदामे, रेल्वेच्या शेड यांच्यावर ती प्रथम दिसली. म्हणजेच तात्पुरतेपणा हा तिचा जन्मजात व्यवसाय होता.

करमाळा तालुक्याच्या दक्षिण कडेने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग गेला आणि १८६० साली तो सोलापूरला पोहोचला. जेऊर, केम ही या तालुक्यातली स्थानके त्याच मार्गावरची. रुळांनी पत्रा देशाच्या आतल्या भागात येण्याची वाट केली. पण तो लगेच शेतकऱ्याच्या डोक्यावर आला असे नाही. बराच काळ तो आयातीचा माल होता. १९२४ साली भारतीय पोलाद उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले, त्यात जस्ताच्या पत्र्याचा प्रश्न होताच. १९३२च्या ओटावा करारात तर असा तिढा घातला गेला की, भारतीय पोलादापासून ब्रिटनमध्ये लाटलेला पत्रा भारतात सवलतीच्या जकातीने यावा. आपलेच लोखंड समुद्रापार जाऊन पान होऊन परत येई. आज ही स्थिती राहिलेली नाही. महाराष्ट्रातच खोपोली, वाशिंद, तारापूर, कळमेश्वर अशा ठिकाणी पत्र्यावर जस्त चढवण्याचे मोठे कारखाने उभे राहिले.

पत्रा आला तेव्हा करमाळ्याच्या बाजूची घरे कशी होती? हा प्रदेश पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा. इथले घर माळवदाचे. जाड भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या किलचा, त्यांवर पाला आणि सर्वांत वर हातभर पांढरी माती. ही माती चोपण असते. पहिल्या सरींनी फुगते, भेगा मिटवते आणि पाणी आत येऊ देत नाही. गावाच्या वस्तीच्या जागेला आपल्याकडे 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी', ते उगीच नव्हे. पांढरीच्याच मातीचे घर पांढरीवर उभे राही आणि पडले तर पांढरीतच मिळून जाई. त्या छतावर ज्वारी वाळे, सांडगे-पापड वाळत, उन्हाळ्यात माणसे निजत. दर वर्षी पावसाच्या आधी त्यावर नवी माती टाकावी लागे, आणि त्यासाठी हात, लाकूड व वेळ हे तिन्ही लागत. घर 'खणां'त मोजले जाई. आता घर पत्र्यांत मोजतात. सात पत्र्यांचे, दहा पत्र्यांचे. मोजमापाचा शब्द बदलला की राहणीच बदललेली असते.

छताच्या आधी पत्रा घरात शिरला तो मात्र भांड्यांच्या वाटेने, आणि इथेही शब्दांची साक्ष काढावी लागते. 'बादली' आणि 'घमेले' हे दोन्ही शब्द पोर्तुगीज 'बाल्दे' आणि 'गामेला' यांवरून आले. पोर्तुगीजांचा 'गामेला' लाकडाचा असे. आपले घमेले लोखंडाचे झाले आणि दुष्काळी कामावरच्या बाईच्या डोक्यावर बसले. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागे. कल्हई म्हणजे कथलाचा थर. तो माणसाला तांब्याच्या विषारीपणापासून वाचवतो. जस्ताचा थर माणसाला नव्हे, लोखंडाला वाचवतो. हा फरक बारीक वाटला तरी सर्व व्यवहार त्यावर बेतलेला आहे. ताक, चिंच, आमसूल यांसारखे आंबट पदार्थ जस्त विरघळवतात आणि खाणाऱ्याला मळमळ होते. म्हणून जस्ताचे भांडे चुलीवर चढले नाही, ते पाण्याशी, धान्याशी आणि मातीशी राहिले. कल्हईवाला कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवून भांडे उजळी. बादल्या आणि नळ जस्तात बुडवणाऱ्या कारखान्यांतही तेच नवसागर दुसऱ्या रूपात वापरले जाते. पण कल्हई काही महिन्यांनी पुन्हा करावी लागे, आणि त्या निमित्ताने कारागीर दारात येई. जस्ताचा थर एकदाच, दूर कुठेतरी, न पाहिलेल्या माणसाने दिलेला असतो.

त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथाच्या वाचकाला यातले मर्म लगेच कळेल. माळवदाला सुतार लागे, रांजणाला कुंभार लागे, चामड्याच्या मोटेला ढोर-चांभार लागत. पत्र्याला गावात बलुतेदारच नाही. चामड्याच्या मोटेच्या जागी काही ठिकाणी पत्र्याची मोट आली तेव्हा एका जातीचे काम गेले, आणि त्याबरोबर त्या कामाला चिकटलेली हीनताही थोडी ढिली झाली. हक्काचे बलुते सुटले आणि लादलेले कामही सुटले, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पत्र्याविषयी हळहळून लिहिणाऱ्याने हे दुसरे अंग विसरू नये. जुन्या वस्तूंबरोबर जुने संबंध गेले हे खरे. ते सगळेच संबंध राखण्याजोगे होते असे नव्हे.

धान्याचेही तसेच. ज्वारीच्या या मुलखात धान्य पेवात नाही तर कणगीत साठवत. जमिनीखालच्या पेवाला ओल लागे, कणगीला उंदीर लागत. १९६०च्या दशकात सरकारने धान्य वाचवण्याची मोहीम काढली आणि पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला. कोठी आली, पेव बुजले. भाषेत मात्र ते अजून 'फुटते' आहे. 'शिकवण्यांचे पेव फुटले' असे लिहिणाऱ्या किती जणांनी पेव पाहिले असेल? कोठीच्या वाट्याला असा एकही वाक्प्रचार अद्याप आलेला नाही.

जस्ताच्या लोखंडाने या जिल्ह्याला दिलेले सर्वांत मोठे देणे छपराचे नाही, पाण्याचे आहे. आणि ते जिल्ह्याने जगालाही दिले आहे. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा कठीण खडकात विंधणविहिरी घेण्याचे काम वेगाने सुरू झाले. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी आखलेले होते. साऱ्या गावाचा भार त्यांना पेलेना आणि ते मोठ्या संख्येने बंद पडत गेले. मिशनऱ्यांच्या पाणीकामातून जालन्यात एका आसावर फिरणारा पोलादी पंप तयार झाला आणि त्यात सुधारणा होऊन सोलापुरात जो पंप घडला तो 'सोलापूर पंप' म्हणून ओळखला गेला. दांड्याला साखळी जोडून आतली सळई सरळ रेषेत वरखाली नेण्याची त्याची रीत पुढे युनिसेफच्या मदतीने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या 'इंडिया मार्क २' या पंपाने उचलली. आशिया-आफ्रिकेतील असंख्य खेड्यांत हाच पंप पोहोचला. त्याचे वरचे अंग जस्तात बुडवलेले असते आणि पाणी वर आणणारा नळही जस्ताचाच, ३२ मिलिमीटरचा, तीन-तीन मीटरच्या तुकड्यांनी जोडलेला. जिथे भूजल आम्लधर्मी आहे तिथे हे जस्त लवकर संपते आणि पाणी तांबडे, लोखंडाच्या चवीचे येते. आफ्रिकेतील अनेक भागांत हा त्रास झाला. आपल्याकडे लोकांनी त्याला 'हापसा' हे नाव दिले. हे मात्र नक्की मराठी, आणि आवाजासकट. हापसा कोणत्या वस्तीत बसवायचा आणि त्याच्या दांड्याला कोणी हात लावायचा, यावरून गावोगाव जे झाले ते दलित साहित्याच्या वाचकांना सांगायला नको.

दुष्काळ ओसरत असताना भीमेवर उजनीचे धरण उभे राहत होते. १९६९ साली सुरू झालेले हे काम १९८० साली पुरे झाले आणि करमाळा तालुक्याचा भीमाकाठ पाण्याखाली गेला. आज तालुक्याच्या नकाशावर केत्तूर क्रमांक १ व २, वांगी क्रमांक १, २, ३ अशी गावे दिसतात. गावाच्या नावापुढे अनुक्रमांक लागणे ही पुनर्वसनाची खूण आहे. अशा प्रसंगी माळवद नेता येत नाही. तुळया काढता येतात, दारे-चौकटी काढता येतात. पण हातभर माती बैलगाडीत घालून कोण नेईल? पत्रा मात्र चार आकडे सोडवले की उतरतो, गाडीत बसतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी छप्पर होतो. ज्यांना आपले गाव सोडावे लागते त्यांना हलके घर लागते. साम्राज्याच्या छावण्यांसाठी घडलेला गुण धरणग्रस्तांच्या उपयोगी आला, ही इतिहासाची एक विचित्र चाल. धरणाने पुढे ऊस आणला, केळी आणली, साखर कारखाने आणले. उसाच्या फडाजवळ तोडकऱ्यांची खोपटी आणि बागायतदाराच्या बंगल्याशेजारची यंत्रांची शेड, दोन्हींवर पत्रा असू शकतो. आर्थिक अंतर छताखालच्या भिंतीत दिसते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडच्या सुमारे आठ हजार माणसांचा त्यात अंत झाला. कितीतरी माणसे गेली ती जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड छत अंगावर येऊन. जी माती उन्हाळ्यात गारवा देत होती तीच काळ झाली. लोक महिनोन्‌महिने पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिले. धक्का सोलापूर जिल्ह्यालाही जाणवला होता, आणि माळवदावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास त्या पहाटेनंतर पूर्वीसारखा राहिला नाही. पत्र्याखाली उकडते, पण पत्रा पडला तर माणूस वाचतो, हा हिशेब नव्याने मांडला गेला.

आता आपल्या मूळ समजुतीकडे येऊ. तात्पुरते कोणते आणि कायमचे कोणते? भारतीय जनगणनेच्या व्याख्येत छताच्या 'टिकाऊ' सामग्रीत कौले, दगड, विटा, काँक्रीट यांच्याबरोबर पन्हळी लोखंड आणि जस्ताचे वा अन्य धातूंचे पत्रे येतात. गवत, पाला, बांबू आणि माती यांचे छत मात्र 'कच्चे' ठरते. २०११च्या जनगणनेत तर जस्ताचा पत्रा, इतर धातूंचे पत्रे आणि ॲस्बेस्टॉस यांचा एकच रकाना होता. म्हणजे चार पिढ्या नांदलेले माळवद कच्चे, आणि मागच्या वर्षी ठोकलेला पत्रा टिकाऊ! याच्या नेमके उलट लोकांच्या बोलण्यात आहे. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेली माणसे 'घर पत्र्याचं आहे' म्हणतात तेव्हा त्यांना 'अजून घर झालेलं नाही' असे म्हणायचे असते. सरकारच्या लेखी झालेले आणि समाजाच्या लेखी न झालेले, अशा दोन निवाड्यांच्या मधल्या जागेत कितीतरी कुटुंबांचे आयुष्य सरते. 'पुढच्या साली स्लॅब टाकू' हे वाक्य वडील बोलतात, मग मुलगा बोलतो. पत्रा तोच असतो.

नाही, अगदी तोच नसतो. आणि इथे रसायनशास्त्र अर्थशास्त्राला येऊन मिळते. जस्त लोखंडाला केवळ झाकत नाही. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी जवळचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला गंज चढू देत नाही. कथलाच्या थराला हे साधत नाही. त्याला चीर पडली की आतले लोखंड उलट अधिक वेगाने गंजते, म्हणून कथलाचा डबा लवकर खराब होतो आणि जस्ताची बादली टिकते. अर्थात हे राखण जस्त असेपर्यंतच. दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असेल तर एका बाजूचा थर जेमतेम साडेआठ मायक्रॉनचा भरतो. २७५ ग्रॅम असेल तर एकोणीस मायक्रॉनच्या पुढे जातो. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात. ज्याच्यापाशी पैसे कमी तो पातळ थराचा घेतो, तो लवकर गंजतो आणि त्याला पुन्हा घ्यावा लागतो. गरिबाचे तात्पुरतेपण असे मायक्रॉनमध्येही मोजता येते.

उन्हाचे मोजमाप तर अंगावरच होते. चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपार काढणे कठीण. म्हणून लोक पत्र्यावर उसाचे पाचट नाही तर कडबा पसरतात आणि वळवाच्या वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवतात. नीट पाहिले तर हे माळवदच आहे : खाली आधार, वर पाला, त्यावर दगड-मातीचा भार. नव्या सामग्रीला जुने ज्ञान असे शिकवत राहते. जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या कवितासंग्रहाचे नाव 'उन्हाच्या कटाविरुद्ध' आहे. या तालुक्यात वाढलेल्या कवीला ऊन हा निसर्ग न वाटता कट वाटावा, यात मला केवळ अलंकार दिसत नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे म्हणून एक काम आहे. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ने (१९८५) ढासळत्या वाड्याला मराठी नाटकात अढळ जागा दिली. आपल्या साहित्यात घर म्हटले की आठवतो तो चिरा, कौल, ओसरी, माजघर. पण अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडपट्टीत बसून लिहीत होते, आणि दलित व कष्टकरी लेखनाचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला तिथे घराचा अर्थ ओसरी-माजघरातून लागत नाही. वाड्याच्या पडझडीत आपल्याला शोकांतिका दिसते, कारण तिथे काहीतरी कायमचे होते असे आपण धरून चालतो. पत्र्याच्या घराला ही सोय नाही. त्याचे दुःख पडण्याचे नाही, न होण्याचे आहे. हे वाचायची रीत आपल्याला अजून नीट बसवता आलेली नाही.

पत्र्याचे आयुष्यही एका जागी संपत नाही. घरावरचा पत्रा खिळ्याच्या भोकापाशी गंजू लागला की तो गोठ्यावर जातो. गोठ्यावरून न्हाणीच्या आडोशाला, आडोशावरून परसातल्या कुंपणाला आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तोवर घरावर नवा पत्रा आलेला असतो. या प्रवासाला तीस-चाळीस वर्षेही लागतात. इतका काळ एका कुटुंबाजवळ राहिलेल्या वस्तूला तात्पुरती म्हणत राहायचे असेल, तर तो शब्द आपण वस्तूविषयी वापरतो आहोत की तिच्याखालच्या माणसांविषयी, हे एकदा ठरवायला हवे.